मुलांच्या बेसबॉलमध्ये पंचांविरुद्ध प्रोटेस्ट करताय? या चुका टाळा

पाचवी इनिंग, एक आउट, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर आमचे रनर. चौदा वर्षांखालच्या मुलांची मॅच, मैदान नागपुरातलंच. बॅटरनं सेंटर फील्डला उंच फ्लाय मारला, फील्डरनं तो झेलला. दोन आउट. तिसऱ्या बेसवरचं पोट्टं शहाणं. झेल होईपर्यंत पाय बेसवरून हलवला नाही, मग सुसाट सुटलं आणि होम प्लेटवर पोचलं. पहिल्या बेसवरचा मात्र झेल सुटणारच अशा भरवशावर दुसऱ्या बेसच्याही पुढं गेला होता. झेल झाल्यानं त्याला पहिल्या बेसवर परत यावं लागणार होतं. तो यायच्या आत बॉल तिथं आला. तिसरा आउट. पंच म्हणाले, "फोर्स आउट आहे, रन नाही."

मी डगआउटमधूनच (संघाच्या बाकांवरूनच) ओरडलो, "अहो, प्लेटवर पाय आधी लागला, दिसत नाही का?"

"पाय आधीच लागला सर. पण रन नाही."

मी पुन्हा तेच ओरडलो. मुलं ग्लोव्ह घेऊन फील्डिंगला गेली, पहिला पिच (पिचरनं बॅटरला टाकलेला बॉल) पडला, आणि मॅच आम्ही एका रननं हरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरमपेठेतल्या एका ठेल्यावर तर्री पोहे खाताना एका जुन्या पंचांना हे सगळं सांगितलं. त्यांनी तर्रीतले तीन चणे काढून प्लेटच्या काठावर मांडले. "हा तिसऱ्या बेसवरचा, हा पहिल्या बेसवरचा, हा बॅटर." मग बॅटर उचलून तोंडात टाकला. "झेल झाला, बॅटर संपला. आता पहिल्या बेसवरच्याला मागून ढकलणारं कोण उरलं?"

कोणीच नाही. तिसरा आउट फोर्स असला की आधी पोचलेला रनही धरत नाहीत. पण फोर्स तेव्हाच असतो, जेव्हा बॅटर रनर होतो आणि त्याच्यासाठी पुढच्याला जागा सोडावी लागते. इथं तर रनरला उलट मागं यायचं होतं. म्हणजे तिसरा आउट हा फोर्स नव्हता, आणि त्याआधी प्लेटवर पोचलेला रन धरायलाच हवा होता. पंचांची नजर चुकली नव्हती, नियम चुकला होता. मी भांडलो ते नजरेवरून.

नजर आणि नियम यांची खिचडी

सर्वात जास्त प्रोटेस्ट (पंचांनी नियम चुकीचा लावल्याची औपचारिक तक्रार) इथंच मरतात. स्ट्राइक की बॉल, सेफ की आउट, फेअर की फाउल हे पंचांनी पाहून ठरवायचं असतं, त्यावर प्रोटेस्ट होत नाही. पालकांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला असला तरी नाही. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर एलबीडब्ल्यू चुकीचा दिला ही नजर. स्वतःच नो-बॉल दिला आणि त्याच बॉलवर एलबीडब्ल्यूही दिला, हा नियमाचा घोळ.

इनफील्ड फ्लायचं बघा (बेसजवळच्या फील्डरकडे उडालेला सोपा झेल; तो घ्यायच्या आधीच पंच बॅटरला आउट देतात). इनफील्डरला तो झेल साध्या प्रयत्नात घेता आला असता का, हे पंच ठरवतात. तिथं गप्प बसायचं. पण फक्त पहिल्या बेसवर रनर असताना किंवा दोन आउट झालेले असताना इनफील्ड फ्लाय दिला, तर ती नियमाची चूक. त्यासाठी पहिला आणि दुसरा बेस भरलेला हवा (तिसरा भरला असला तरी चालतो) आणि आउट दोनपेक्षा कमी हवेत. कॅचरकडून सुटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकचंही असंच. पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट असतील तर बॅटर धावू शकतो. मात्र अगदी लहान गटांत हा नियम लावत नाहीत, तेव्हा आधी तुमच्या स्पर्धेचं परिपत्रक वाचा.

उशीर

पुढचा पिच किंवा पुढचा खेळ सुरू व्हायच्या आत बोलावं लागतं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहिलेल्या चार परिच्छेदांना किंमत शून्य. टाइम मागा, मुख्य कोच एकट्यानं जा, आणि ज्या पंचांनी निर्णय दिला त्यांच्याकडेच जा. सहायक, पालक आणि तावातावानं आलेला मोठा भाऊ, सगळे रेषेच्या अलीकडे.

बोलायचं वाक्य एकच: "सर, रन प्लेटवर आधी पोचला हे तुम्हीही मानता. तिसरा आउट फोर्स नव्हता, म्हणून रन धरायला हवा. दुसऱ्या पंचांशी बोलून घ्याल का?" आधी घटना, मग नियम, मग विनंती. एवढ्यावर बरेच पंच आपसांत बोलून निर्णय बदलतात. बदलला नाही तर, "मॅच अंडर प्रोटेस्ट खेळतोय," असं स्पष्ट म्हणायचं आणि स्कोररकडून तशी नोंद करून घ्यायची. मनातल्या मनात केलेला प्रोटेस्ट स्कोअरशीटवर उमटत नाही हो.

नुसती तक्रार, नोंद नाही

प्रोटेस्ट मान्य झाला तर मॅच साधारणपणे जिथं चूक झाली तिथूनच पुढं खेळवतात. म्हणून ती जागा कागदावर हवी: इनिंग, स्कोअर, आउट किती, कोणत्या बेसवर कोण, बॅटर कोण, त्याचा काउंट (किती बॉल, किती स्ट्राइक) काय. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. 24 जुलै 1983 रोजी कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटनं यांकीजविरुद्ध होम रन मारला आणि बॅटवर पाइन टार (पकड घट्ट व्हायला लावतात तो चिकट पदार्थ) 18 इंचांच्या पुढं लागलंय म्हणून पंचांनी त्याला आउट दिलं. लीगच्या अध्यक्षांनी प्रोटेस्ट मान्य केला, होम रन धरला आणि उरलेली मॅच 18 ऑगस्टला तिथूनच पुढं खेळवली. कॅन्सस सिटी 5-4 जिंकली. गंमत म्हणजे मेजर लीगनं (अमेरिकेतली मोठ्यांची व्यावसायिक लीग) 2020 पासून प्रोटेस्टच बंद केले. मुलांच्या लिटल लीगच्या नियमांत ते आहेत.

जुनी झेरॉक्स

रन कधी धरायचा हा नियम लिटल लीगच्या पुस्तकात 4.09 आहे. मेजर लीगच्या पुस्तकातही तोच नंबर होता, पण 2015 मध्ये मांडणी बदलली आणि तो 5.08 झाला. आपल्याकडे कुठल्या साली कुणी काढलेली झेरॉक्स फिरतेय, देव जाणे. स्पर्धा कोणत्या पुस्तकावर चालते, प्रोटेस्टची फी किती, अर्ज किती वेळात आणि कोणाकडे द्यायचा, हे मॅनेजर मीटिंगमध्येच विचारा. नंबर आठवत नसेल तर चुकीचा ठोकू नका. नियम साध्या शब्दांत सांगा.

अपीलच्या जागी प्रोटेस्ट

रनरनं बेस चुकवला, झेल व्हायच्या आत बेस सोडला, बॅटिंगचा क्रम मोडला: यात आधी तुम्हाला अपील (चूक दाखवून आउट मागणं) करावं लागतं, पंच आपणहून सांगणार नाहीत. क्रमाच्या बाबतीत घाई अंगाशी येते. चुकीचा बॅटर खेळत असतानाच ओरडलात तर योग्य बॅटर येऊन तोच काउंट पुढं चालवतो, आउट मिळत नाही. त्याची बॅटिंग संपू द्या आणि पुढच्या पिचच्या आत बोला. आउट होतो तो ज्याची पाळी होती तो, खेळून गेलेला नव्हे. इथं पंचांचाही गोंधळ उडतो, आणि तेव्हा मात्र प्रोटेस्ट खणखणीत.

आपल्यालाच अर्धवट माहीत असणं

पुढच्या वर्षी मी हे सगळं पाठ करून गेलो. शॉर्टस्टॉपनं (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) ग्राउंडर (जमिनीवरून आलेला बॉल) उचलून पहिल्या बेसकडे फेकला, बॉल थेट मैदानाबाहेर, म्हणजे रनरना दोन बेस. फेकताना आमचा पहिल्या बेसवरचा रनर दुसरा बेस ओलांडून गेला होता. मी टाइम मागितला, हात मागं बांधून पंचांकडं गेलो आणि शांतपणे म्हणालो, "सर, थ्रोच्या वेळी तो दुसऱ्याच्या पुढं होता. तिथून दोन बेस, म्हणजे रन."

पंच दुसऱ्या पंचांशी बोलून परत आले. "सर, इनफील्डरचा हा पहिलाच प्ले आहे आणि बॅटर अजून पहिल्या बेसवर पोचला नव्हता. अशा वेळी दोन बेस पिचच्या वेळेपासून मोजतात. पिचच्या वेळी तुमचा रनर पहिल्यावर होता."

मी रनरला तिसऱ्या बेसवर थांबायची खूण केली आणि डगआउटमध्ये येऊन पाणी प्यायलो.