डोंगरवाटेचा वेळ कसा काढायचा

नकाशावरचं नुसतं अंतर पाहू नका, चढ मोजा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. म्हणजे १० किलोमीटर वाट आणि ९०० मीटर चढाई असेल तर साडेतीन तास. यात विश्रांती, फोटो, चुकलेली वाट धरलेली नाही. पाठीवर जड सॅक असेल तर दीडपट धरा. अंधाराच्या दोन तास आधी पायथा गाठायचा, असा उलटा हिशेब करून निघा.

उतारावर वेळ भरून काढू, ही आशा सोडा. थकलेले पाय घसाऱ्यावरच मुरगळतात. उतरण्याआधी बुटांच्या नाड्या घोट्याशी आवळा, नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात.