पन्हाळा–पावनखिंड मोहिमेला निघण्याआधी बुटांची तयारी

मोहिमेची नावनोंदणी झाली की नवी पोरं सॅक कोणती घेऊ, रेनकोट चालेल का, मोबाईल भिजणार नाही ना, असं सगळं विचारतात. बुटांचं मात्र आदल्या आठवड्यात आठवतं. पन्नासेक किलोमीटरची वाट, तीही ऐन पावसात दोन दिवसांत चालायची आहे. तेव्हा तयारीची सुरुवात पायापासून करा, आणि ती मेअखेरीस करा.

आधी घरातले जुने बूट बाहेर काढा. दोन-चार वर्षं माळ्यावर पडून असलेले, वरून नवेकोरे दिसणारे बूट सगळ्यात दगा देतात. बऱ्याच बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या मऊ प्लास्टिकचा थर असतो. तो हवेतल्या दमटपणानं आतून कुजत जातो, बूट वापरले नाहीत तरीही. अंगठ्यानं कडेला जोरात दाबून बघा, बूट दोन्ही हातांनी वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर ते बूट मोहिमेला नकोत. थर शाबूत आहे आणि फक्त कडेनं सोल सुटलाय, तर गटईवाल्याकडून चिकटवून वर शिलाई मारून घ्या. नुसत्या डिंकावर विसंबू नका, मसाई पठाराच्या चिखलात तो टिकत नाही.

नवे घ्यायचे असतील तर दुकानात संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो आणि मोहिमेत तो त्याहून जास्त सुजतो. जे मोजे घालून चालणार तेच घालून बूट बघा. नंबर सांगून मोकळे होऊ नका. एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीत साडेसात निघतो, शिवाय आपला एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो, तेव्हा मोठ्या पायाचं माप धरा. बुटातला इनसोल बाहेर काढून त्यावर उभे राहा. करंगळी किंवा चवडा कडेबाहेर जात असेल तर तो बूट अरुंद आहे, आणि ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचं म्हणणं तिथं ऐकू नका. कातडं थोडं सैल होतं, पण सोलची रुंदी वाढत नाही.

मग लेस न बांधता पाय पुढं सरकवा, बोटं टोकाला टेकू द्या आणि टाचेमागं तर्जनी घालून बघा. एक बोट आरामात गेलं पाहिजे. दोन जात असतील तर बूट मोठा. आता लेस घट्ट बांधून दुकानाच्या पायऱ्या चढा-उतरा. चढताना टाच बुटात वर उचलली जाते का आणि उतरताना अंगठा पुढं आपटतो का, एवढं नीट जाणून घ्या. टाच घासली की फोड येतो, अंगठा आपटला की नख काळं पडतं. पन्हाळ्यावरून राजदिंडीची वाट उतरतानाच अंगठे आपटायला लागले, तर पुढची सगळी वाट नको होते. दुकानात दहा-पंधरा मिनिटं तरी बूट पायात ठेवा. मुलांना ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका, त्यांचे पाय आत सरकत राहतात.

सोल हाताळून बघा. आपल्या वाटेवर लाल चिखल आहे, भातखाचरांचे बांध आहेत, शेवाळलेला जांभा आहे. खाचा 4-5 मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून लांब असल्या तर चिखल झडून जातो. दाट, बारीक खाचांत तो भरून बसतो आणि सोल गुळगुळीत होतो. रबर नखानं दाबल्यावर किंचित दबलं पाहिजे, कारण कडक प्लास्टिकसारखा सोल ओल्या कातळावर सटकतो. तरी शेवाळावर कुठलाच बूट शंभर टक्के धरत नाही. तिथं छोटी पावलं टाकायची आणि हातात काठी ठेवायची.

वॉटरप्रूफ बुटांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या मोहिमेसाठी त्यावर जादा पैसे घालू नका. ओढ्यात पाणी घोट्याच्या वर येतं आणि ते वरूनच बुटात शिरतं. एकदा शिरलं की वॉटरप्रूफ अस्तर ते बाहेरही जाऊ देत नाही. त्यापेक्षा जाळीचे किंवा कॅनव्हासचे, पाणी लगेच निथळणारे घोट्यापर्यंतचे बूट बरे. साधे हंटर शूजही (कॅनव्हासचे, रबरी सोलचे जंगल बूट) नीट बसत असतील तर चांगले चालतात. शेतातले गमबूट मात्र नकोत. ते घोट्याला धरत नाहीत, आत पाणी साचलं की पाय उचलणंही मुश्कील होतं. आणि आपल्या कोल्हापुरी पायताणाचं झाडाच्या सालीनं कमावलेलं कातडं पाण्यात फुगतं, ती घरीच राहू दे.

बूट आणले की लगेच पायात घालायला लागा. पहिला आठवडा रोजच्या कामाला, मग रंकाळ्याला फेऱ्या, मग पाठीवर भरलेली सॅक घेऊन जोतिबाच्या पायऱ्या. जूनचा पाऊस सुरू झाला की एकदा मुद्दाम बूट भिजवून दोन-तीन तास चाला. कोरडा असताना न टोचणारा टाका ओला झाल्यावर टोचतो, तो इथं सापडू दे. पाय कुठं लाल होतो ते बघून ठेवा आणि मोहिमेच्या सकाळी त्या जागी आधीच चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर ओल्या पायाला पट्टी चिकटत नाही.

मोजे सुती नकोत, ओले झाले की गोळा होतात आणि कातडी सोलतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फक्त मुक्कामाच्या रात्रीसाठी ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिवावर आलं तरी ओलेच मोजे पिळून घाला. नखं चार दिवस आधी सरळ कापा. निघताना टाचेला आणि बोटांच्या मध्ये व्हॅसलीन लावा. जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी, एक जादा लेस, मुक्कामाला साधी स्लीपर.

मुक्कामाच्या गावात बूट काढल्यावर इनसोल वेगळे करा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. झोपण्याआधी ते एकदा बदला. बूट चुलीजवळ ठेवायचा मोह होतो, पण तिथं डिंक सुटतो आणि कातडं तडकतं.

12 जुलै 1660 च्या रात्री बांदलांचे मावळे महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन याच वाटेनं धावले. खिंडीत पोहोचाल तेव्हा बाजीप्रभूंपुढं तुम्हाला ताठ उभं राहता यावं, म्हणून ही एवढी खटपट. तेव्हा जोतिबाच्या फेरीत नवे बूट चावले, तर हट्टानं तेच घालून येऊ नका. रोजचे वापरातले, चांगल्या सोलचे बूट घाला आणि निघण्याआधी तुकडीच्या प्रमुखाला तसं सांगून ठेवा, म्हणजे ओल्या उतारांवर तो तुम्हाला आपल्याजवळ चालवेल.