आई-बाबांना डिस्ने वर्ल्डला नेताय? व्हीलचेअर निवडताना या चुका टाळा

‘आई रोज सोसायटीत चार फेऱ्या मारतात, त्यांना कशाला हवी व्हीलचेअर?’ भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डची तिकिटं काढताना हे हमखास ऐकू येतं, आणि पहिली चूक इथेच होते. सोसायटीतली फेरी ऊन उतरल्यावर असते, मध्ये बाकावर टेकता येतं. तिथल्या एपकॉट या पार्कमध्ये नुसत्या वर्ल्ड शोकेस या भागातल्या तळ्याभोवतीची वाट १.२ मैल, म्हणजे जवळपास २ किलोमीटर आहे. शिवाय फ्लोरिडाचा उकाडा आणि रांगा. दुखऱ्या गुडघ्यांना चालण्याइतकंच ताटकळणंही जड जातं. त्यामुळे साधन ठरवताना सकाळचे ताजे पाय धरू नका, संध्याकाळी सहाचे पाय धरा.

ज्यांना चालता येतं पण उभं राहवत नाही, त्यांना बैठक असलेला चारचाकी वॉकर छान. मात्र त्यावर आईला बसवून मागून ढकलू नका. पावलं ठेवायला जागा नसते, एखादा पाय अडकला तर वॉकर उलटतो.

चारही चाकं लहान असलेली हलकी खुर्ची डिकीत सहज मावते, म्हणून ती पटकन घेतली जाते. पण ती स्वतःच्या हातांनी चालवता येत नाही, आणि ॲनिमल किंग्डम पार्कच्या चढउतारांवर, खडबडीत वाटांवर ढकलणाऱ्याचा घाम काढते. ढकलणार कोण, हे आधी ठरवा. मुलं नातवंडांबरोबर राइडवर गेली की खुर्ची सत्तरीच्या बाबांच्या हातात येते, हे मला अजिबात पटत नाही. मोठ्या मागच्या चाकांची खुर्ची जड असली तरी ढकलायला सोपी. मॅजिक किंग्डम पार्कच्या मेन स्ट्रीट या रस्त्यावर घोडागाडीचे रूळ आहेत; त्यांच्या खाचेत पुढची चाकं अडकतात. रूळ तिरके नको, काटकोनात ओलांडा.

इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल जरा सविस्तर. जिने जन्मात दुचाकी चालवली नाही, तिला थेट गर्दीत स्कूटरवर बसवणं धोक्याचं आहे. आदल्या दिवशी मोकळ्या पार्किंगमध्ये वळणं, मागे घेणं आणि खटका सोडला की गाडी थांबते हे हाताच्या सवयीचं होऊ द्या. वेग सगळ्यात कमी ठेवा, नातवाला मांडीवर घेऊ देऊ नका. पार्कात ३६ इंच रुंद आणि ५२ इंच लांब यापेक्षा मोठी स्कूटर चालत नाही. इट्स अ स्मॉल वर्ल्ड किंवा किलिमांजारो सफारी या राइडला स्कूटरवरून उतरून साध्या व्हीलचेअरवर बसावं लागतं. आधाराने उठून दुसरीकडे बसणं आईला जमतं का, हे घरीच पाहा.

भाड्याची गोष्टही नीट समजून घ्या. पार्कची व्हीलचेअर किंवा स्कूटर आधी राखून ठेवता येत नाही, आत गेल्यावर मिळते आणि बाहेर नेता येत नाही. मॅजिक किंग्डमला तर वाहनतळापासून दारापर्यंत मोनोरेल किंवा बोटीचा टप्पा आहे. तेवढंही जड जाणार असेल तर साधन हॉटेलवर पोचवणाऱ्या बाहेरच्या भाडेवाल्याकडून घ्या. भारतातून बॅटरीवरचं साधन आणत असाल तर चार्जर अमेरिकेतल्या विजेवर चालेल ना, म्हणजे त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना, ते बघा.

व्हीलचेअर घेतली की रांग चुकते, हा समजही सोडा. बहुतेक रांगांमधून खुर्ची जाते. रांगेबाहेर थांबण्याची सवलत २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे.

स्कूटर सुरू होते पण हलत नाही? ढकलून नेताना चाकं मोकळी करणारा दांडा तसाच राहिलाय का बघा. खुर्ची एका बाजूला ओढते? बहुधा एक ब्रेक घासतोय. ठेवलेल्या जागेवरून कर्मचारी खुर्ची सरकवतात, म्हणून ओळखू यावी यासाठी दांड्याला रंगीत ओढणी बांधा.

आणि आईंना न विचारता काहीही बुक करू नका. विमानतळावर त्या बिनदिक्कत व्हीलचेअर घेतात, कारण तिथे सगळेच घेतात. नातवंडांसमोर बसणं मात्र जिवावर येतं. हवं तर सुरुवातीला त्यांनी रिकामी खुर्ची ढकलत चालावं, थकल्या की बसावं. फक्त जड पिशव्या मागच्या दांड्यांना अडकवू नका. त्या उठल्या की खुर्ची मागे कलंडते.