उन्हानं पाठ भाजली तर काय करायचं

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात कोणाला ऊन लागलं की घराघरांतून भाजलेल्या कैरीचा गर निघतो, आणि खिशात कांदा होता का याची चौकशी सुरू होते. ऊन लागण्याची सगळ्यांना धास्ती. उन्हानं कातडी भाजली तर मात्र त्याला कोणी दुखणं मानत नाही. काळं पडलं, दोन दिवस चुरचुरलं, सालपटं निघाली, झालं. मी २६ वर्षं एएनएम, म्हणजे गावची नर्सबाई, म्हणून सरकारी आरोग्य उपकेंद्रात काढली आणि बरीच वर्षं मीही तेच मानत आले. मग माझ्याच घरात चुकले.

मे महिना होता. नागपूरला शिकणारा पुतण्या सुट्टीत आलेला. मामा तलावात, म्हणजे कागदावरच्या माजी मालगुजारी तलावात, पाणी छातीपर्यंतच उरलं होतं. गावातल्या पोरांसोबत हा जाळं घेऊन उतरला. अंगात बनियनसुद्धा नाही. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत. पाणी गार, वर वारा, त्यामुळे कोणाला काही जाणवलं नाही. घरी आला, जेवला, झोपला. संध्याकाळी म्हणतो, "काकू, सदरा घालवत नाही ना. अंगाला नुसता लागला तरी आग होते."

मी त्याला दिव्याखाली बसवून पाठ पाहिली. लाल काही दिसेना. पोरगा सावळा, पाठ थोडी जास्त काळपट आणि चकचकीत वाटली, एवढंच. खोबरेल तेल चोळलं आणि म्हटलं, जा, झोप. रात्री दोनला तो कुडकुडत उठला. ताप १०२. उजाडल्यावर पाहिलं तर दोन्ही खांद्यांवर फोड. मोहफूल पहाटे पडतं तेव्हा कसं फिकट आणि रसानं टम्म असतं, अगदी तसे.

माझी पहिली चूक म्हणजे मी लाल रंग शोधत बसले. पुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या-काळ्या अंगावर लाली दिसतच नाही किंवा जांभळट, तांबूस-काळी दिसते. म्हणून डोळ्यापेक्षा हाताचा भरवसा धरा. तळहाताची मागची बाजू आधी झाकलेल्या जागेला लावा, पोटाला किंवा पदराखालच्या भागाला, मग उन्हातल्या भागाला. भाजलेली जागा तव्यासारखी गरम लागते. ताणलेली, चकचकीत, थोडी सुजलेली असते. कापड घासलं तरी माणूस झटकन अंग चोरतो. आणि कडा पाहा. बाहीची, गळ्याची, बनियनच्या पट्ट्याची रेघ सरळ उमटलेली असते. हनुवटीखाली, कानामागे, पापणीच्या घडीत सावली असते, तिथं कातडी जशीच्या तशी राहते.

दुसरी चूक म्हणजे मी फार लवकर निकाल दिला. उन्हाचं भाजणं चुलीच्या चटक्यासारखं लगेच दिसत नाही. उन्हातून आल्यावर तीन ते पाच तासांनी ते डोकं वर काढतं आणि बारा ते चोवीस तासांत सगळ्यात जास्त चढतं. म्हणून संध्याकाळी 'काही नाही' दिसलं तरी पहाटे परत बघायचं. खरं दुखणं साधारण दोन-तीन दिवस.

हे भाजणं उष्णतेचं नसतं, हेही सांगते. कातडी जाळतात ते उन्हातले अतिनील किरण, आणि ते अंगाला गरम लागत नाहीत. म्हणून पाण्यात उभा असलेला भाजतो, मोटारसायकलवर वारा खात जाणारा भाजतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त भाजलेल्या पाठी मी मे महिन्यात नाही, जुलैत पाहिल्या, धानाच्या रोवणीत. वर पातळ ढग, त्यातून हे किरण बहुतेक खाली येतातच. खाली बांधीतलं, म्हणजे धानाच्या वाफ्यातलं पाणी, आणि बाया दिवसभर वाकलेल्या. ब्लाउज आणि लुगड्याच्या मधला चार बोटांचा पट्टा आणि मानेचा मागचा भाग, बस, तेवढंच भाजतं. "बाई, ढग होते ना जी, ऊन कुठं होतं?" हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकलं आहे.

पहिल्या दिवशी

आधी सावलीत घ्या, घरात. हातातल्या बांगड्या, कडं, अंगठी, गळ्यातला घट्ट दोरा काढून ठेवा. सूज चढल्यावर ते निघत नाहीत आणि मग साबण लावून ओढाताण होते.

मग पाणी. माठातलं किंवा विहिरीचं, बर्फाचं नाही. बर्फ थेट लावला तर भाजलेल्या कातडीला आणखी इजा होते. जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती धोतर फाडून चार घड्या करा, भिजवा, हलकं पिळा आणि ठेवा. दाबायचं नाही, पुसायचं नाही. कापड गरम झालं की बदला. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-सहा वेळा. गार पाण्यानं अंघोळ चालते, पण साबण आणि घासणी बाजूला ठेवा. अंग टिपून कोरडं करायचं आणि थोडं ओलसर असतानाच पुढचं लावायचं. लहान लेकराला मात्र फार वेळ ओल्यात ठेवू नका, ते लवकर थंड पडतं. आणि माणूस कुडकुडत असेल तर ओलं कापड थांबवून आधी ताप मोजा.

पुढचं म्हणजे कोरफड. अंगणात असतेच. पण पान तोडलं आणि चोळलं, असं करू नका. तुटलेल्या टोकातून पिवळा, कडू चीक येतो, तोच कितीकांच्या अंगाला खाज आणतो. पान वाटीत उभं ठेवा, अर्धा तास चीक गळू द्या, धुवा, काटेरी कडा कापा, मग आतला पारदर्शक गर घ्या. आधी मनगटावर थोडा लावून पाहा. फुटलेल्या फोडावर तो लावायचा नाही. कोरफड नसेल तर कॅलामाइन लोशन किंवा बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर.

तेल, तूप, लोणी, व्हॅसलीन पहिल्या दिवशी नको. चिकट थर आतली आग आत कोंडतो, मी पुतण्याला तेच केलं. टूथपेस्ट, हळद, चुलीची राख, शाई, कोळशाची भुकटी, यातलं एकेक मी लोकांच्या पाठीवरून धुऊन काढलं आहे. त्या धुण्यात रोगी भाजण्यापेक्षा जास्त ओरडतो. कैरीचा गर धड कातडीवर लावतात ते ठीक, पण फोडावर आंबट लावलं की काय होतं ते लावणाऱ्यानं एकदा स्वतः अनुभवावं.

दुकानातून मिळणारी ती 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब, जिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र असतं, तीही नको. पुतण्याच्या बापानं तालुक्याच्या एका औषध दुकानातून न विचारता तीच आणली होती. मी ती परत पाठवली तर भाऊजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पोटात काय? पाणी, आणि पुष्कळ. भाजलेली कातडी पाणी खेचते आणि घामही नीट टाकत नाही, म्हणून अशा माणसाला पुढं ऊन लागणंही सोपं होतं. ताक, पन्हं, आंबील चालेल. उलट्या किंवा ताप असेल तर ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. लघवी गडद पिवळी किंवा अगदी थोडी होत असेल तर पाणी कमी पडतंय. दारू दोन-तीन दिवस पूर्ण बंद. हे सांगावं लागतं, कारण 'अंग दुखतं म्हणून घेतली' हे ठरलेलं उत्तर आहे.

दुखण्याला आणि तापाला पॅरासिटामॉल ५००. मोठ्या माणसाला एक-दोन गोळ्या, दोन डोसांमध्ये सहा तास, दिवसभरात आठच्या वर गोळ्या नाही. रोज पिणाऱ्याला किंवा कावीळ झालेल्याला विचारल्याशिवाय देऊ नका. लेकरांना वजनाप्रमाणे, आशाताईला विचारून. ॲस्पिरिन लेकरांना अजिबात नाही. आयब्रुफेन सूज कमी करतं, पण पाणी आटलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर ते जड जातं, म्हणून लघवी नीट होत नसेल तर मी ते कधी सुचवलं नाही.

फोड

फोड आले म्हणजे कातडीचा खालचा थरही भाजला. फोडायचे नाहीत. सुईनं नाही, बाभळीच्या काट्यानं नाही, 'हळूच' सुद्धा नाही. फोडावरची कातडी हीच सगळ्यात स्वच्छ पट्टी असते. पुतण्याला खाटेवर पालथं झोपवलं, खाली धुतलेली सुती चादर, वर मच्छरदाणी, कारण उन्हाळ्यात माशा फोडावर बसायला टपलेल्याच असतात.

आपोआप फुटला तर हात धुवा, स्वच्छ पाणी आणि सौम्य साबणानं जागा धुवा, लोंबती कातडी ओढू नका. वर चिकटणार नाही असा स्वच्छ गॉज सैल ठेवा, कापूस नको, त्याचे तंतू अडकतात. पट्टी रोज बदला. चिकटली तर पाणी टाकून भिजवून सोडवा. कातडी उघडी पडली असेल तर धनुर्वाताची सुई कधी घेतली ते आठवा आणि उपकेंद्रात विचारा.

घरी किती सांभाळायचं? रोग्याचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा जवळपास १ टक्का. फोडांची जागा असे तीन-चार तळहात भरली की मी घरी ठेवत नाही. तोंडावर, हातावर, सांध्यावर किंवा लघवीच्या जागी फोड असतील तर ते एवढे नसले तरी दाखवा. एक वर्षाखालचं लेकरू, गरोदर बाई, साखरेचा रोगी, यांना थोडंही भाजलं तरी दाखवा. १०२ च्या वर ताप, थांबत नसलेली उलटी, उभं राहिल्यावर अंधारी, सहा-आठ तास लघवी नाही, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय. बोलणं भलतंच झालं, ओळख पटेना, झटका आला किंवा अंग जळतं आहे आणि घाम नाही, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पाणी शिंपडून पंख्यानं वारा घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

तीन दिवसांनी दुखणं उतरायला हवं. ते उलट वाढलं, पू किंवा वास आला, सूज पसरली, ताप परत आला, तर जखम पिकली आहे. रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचलं, उजेड सहन होईना, तर डोळा भाजला. वेल्डिंगवाल्यांना होतं तेच. चोळू नका, अंधारात राहा, सकाळी दाखवा.

दिसतं तसं, पण नसतं

काही वेळा ऊन निमित्त असतं आणि कारण दुसरं. बिब्ब्याचं तेल लागलं तर फोड ओघळाच्या रेघेत येतात आणि आगीपेक्षा खाज जास्त. गाजरगवतानं पापण्या, मान, कोपराचा आतला भाग धरतो आणि दर वर्षी परत येतो. फवारणीच्या औषधानं भाजलं तर कपडे उतरवून लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं आणि डबा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.

बावचीचं तेल मला सगळ्यात जास्त छळून गेलं. कोडाच्या डागावर लावतात. त्यातलं सोरालेन कातडीला उन्हासाठी हळवं करतं. डॉक्टर ते मिनिटं मोजून वापरतात. लग्न ठरलेल्या एका पोरीला कोणीतरी सांगितलं, लाव आणि उन्हात बस. ती अकरा वाजता तासभर बसली. नडगीवर पुरीसारखा फुगलेला फोड घेऊन आली, आणि रडत होती ती दुखण्यासाठी नाही, तारखेसाठी.

गोळ्याही पाहा. रक्तदाबाची 'लघवीची' गोळी, डॉक्सीसायक्लिन, काही अँटिबायोटिक घेणारा थोड्या उन्हात जास्त भाजतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि रोज पिणारा, नीट न जेवणारा माणूस असेल, दोन्ही हातांच्या पाठी आणि मानेभोवती हारासारखा काळा, जाड, सोललेला पट्टा असेल, सोबत हगवण आणि विसरभोळेपणा, तर तो पेलाग्रा असू शकतो. नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता. त्याला क्रीम लावून काही होणार नाही.

चार ते सात दिवसांनी सालपटं निघतात. ती ओढायची पोरांना फार हौस. ओढू नका, खालची कातडी अजून कच्ची असते. आता खोबरेल तेल लावायला हरकत नाही. नवी कातडी फिकट किंवा जास्त काळी दिसते, आपल्या रंगावर डाग महिनोन्‌महिने राहतात. त्यावर गोरं करायचं क्रीम लावू नका.

महिना-दीड महिना त्या जागेवर ऊन पडू द्यायचं नाही. सनस्क्रीन मिळालं तर लावा, पण दर दोन तासांनी लावणारा माणूस मी आमच्या गावात पाहिला नाही. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट लुगड्यावरून घालतात आणि डोक्याला दुपट्टा बांधतात, त्याच्यापुढे काही नाही. वेळेचा हिशेब सावलीवर ठेवा. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की झाडाखाली.

पुतण्याला मी त्याच्या काकांचा खादीचा सैल सदरा दिला, पाठीला न चिकटणारा. पोरगा बरा होऊन नागपूरला गेला. सदरा परत आलेला नाही.