घरातली जुनी पेटी: दुरुस्त करावी की विकून टाकावी?

विदर्भातल्या पुष्कळ गावांत असे एखादे घर असतेच, जिथे माळ्यावर किंवा धान्याच्या कोठीमागे जुन्या लुगड्यात गुंडाळलेली हार्मोनियम पडून आहे. घरातले कोणी वडीलधारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात साथ करीत असत किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या एखाद्या नाटक मंडळीत पेटीवर बसत असत. ते गेल्यावर पेटीला हात लावणारे कोणी उरले नाही. मग घर पाडून नवे बांधायला काढले किंवा भावाभावांच्या वाटण्या झाल्या की तिचे काय करायचे हा प्रश्न पुढे येतो, आणि बहुतेक वेळा तो लाकडाची चकाकी पाहून निकालात काढला जातो. चकाकी असेल तर ठेवायची आणि पॉलिश उडाले असेल तर मिळेल त्या भावाने काढून टाकायची, हा हिशेब मला मान्य नाही, कारण पेटीचे मोल तिच्या आतल्या सुरांत, म्हणजे हवेने वाजणाऱ्या पितळी जिभांत असते आणि ते पाहिल्याशिवाय दुरुस्तीचा किंवा विक्रीचा निर्णय होऊच शकत नाही.

म्हणून पहिले काम पेटी उघडण्याचे. वरचे जाळीचे झाकण काढले की बोटांनी दाबायच्या पट्ट्या दिसतात. त्यांच्या खालची सूरफळी बहुतेक पेट्यांमध्ये कडेच्या काही स्क्रूंनी किंवा आकड्यांनी बसवलेली असते. ती सोडवण्यापूर्वी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत आणि निघालेले स्क्रू एका वाटीत ठेवावेत. सूरफळी अलगद उचलून उलटी केली की पितळी सूर ओळीने मांडलेले दिसतात. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या असतात. त्यामुळे खर्ज (खालच्या आवाजाची) आणि नर (मधल्या आवाजाची) अशा दोन ओळी असतील तर ८४ सूर, आणि मादीची (वरच्या आवाजाची) तिसरी ओळ असेल तर १२६. तीन सप्तकांच्या पेटीला ३७ पट्ट्या असतात. आपल्या पेटीत किती ओळी आहेत हे आधी मोजून लिहून ठेवावे, कारण कारागीर आणि गिऱ्हाईक दोघेही पहिल्यांदा तेच विचारतात.

आता उजेडाकडे धरून एकेक सूर पाहावा. पितळेच्या जाड पट्टीत एक लांबट खाच असते आणि तिच्यावर पातळ जीभ एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली असते. चांगल्या सुरात ही जीभ खाचेच्या अगदी मधोमध असते आणि दोन्ही कडांना केसाएवढी उजेडाची रेघ सारखी दिसते. जीभ एका बाजूला टेकली असेल तर सूर घरघरतो किंवा बोलतच नाही. पितळ काळपट किंवा तपकिरी झाले असेल तर घाबरण्याचे कारण नाही; रिव्हेटपाशी हिरवी भुकटी साचली असेल तर मात्र जीभ तिथून कमजोर झालेली असण्याचा संभव असतो. जिभेच्या मुळाशी आडवी बारीक भेग दिसली तर तो सूर गेला असे समजावे, कारण भेग पडलेली जीभ सांधता येत नाही आणि तो सूर बदलावाच लागतो.

याच्या उलट, मुका झालेला प्रत्येक सूर मेलेला नसतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पेटीत जिभेखाली धूळ, कापसाचा तंतू किंवा किड्याचे घर अडकलेले असते. जिभेचे मोकळे टोक कागदाच्या पातळ पट्टीने हलकेच उचलून मऊ कोरड्या कुंचल्याने झटकले तर असे पुष्कळ सूर पुन्हा बोलू लागतात. सुरांवर तेल, रॉकेल किंवा गंज काढण्याचा फवारा कधीही मारू नये. त्यावर धूळ चिकटते आणि तिच्या वजनाने सूर उतरतो. ८४ पैकी पाचसहा सूर मुके असतील तर ते बहुधा साफसफाईचे काम असते, परंतु डझनभर सुरांना भेगा असतील तर हिशेब बदलतो, कारण जुन्या सुरांच्या ओळीत बसवलेला नवा सूर गुणाने वेगळा वाजतो आणि जाणत्या कानाला तो लगेच टोचतो.

सूर कुठले आहेत हेही पाहावे. जुन्या पेट्यांत जर्मनीचे किंवा पॅरिसचे सूर असत आणि त्यांच्या पितळेवर काही वेळा ठसा सापडतो. पुढे गुजरातेतल्या पालिताणा येथे तयार होणारे सूर सर्वत्र पसरले आणि तिथेही हलक्या-भारी अनेक प्रती निघतात. पेटीवर बाहेरून लिहिलेल्या नावावर विसंबू नये, कारण मधल्या काळात आतले सूर बदललेले असू शकतात. ठसा ओळखता आला नाही तर त्याचा जवळून फोटो काढून जाणकार वादकाला दाखवावा. जुने परदेशी सूर पूर्ण ओळीने शाबूत असतील, तर पेटारा, म्हणजे बाहेरचे लाकडी खोके, कितीही कळाहीन असला तरी माझे मत दुरुस्तीच्या बाजूने पडते.

यानंतर सुरेलपणा तपासायचा, आणि इथे घाईने मोठे नुकसान होते. मोबाइलवरचे ट्यूनर लावून एकेक पट्टी दाबली की काही सूर खाली-वर दिसतात आणि पेटी बेसूर झाली असा निष्कर्ष काढला जातो. परंतु महाराष्ट्रात गांधार ट्यूनिंगची परंपरा आहे, ज्यात एका ठरावीक षड्जाला, म्हणजे ‘सा’ला धरून सूर नैसर्गिक श्रुतींना लावलेले असतात. समजा पेटी काळी एकच्या, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, षड्जाला लावलेली आहे. तर तिचा गांधार म्हणजे पांढरी चार ही ट्यूनरवर षड्जाच्या मानाने सुमारे १४ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरलेली दिसेल आणि निषाद म्हणजे पांढरी एक सुमारे १२ सेंट उतरलेली दिसेल. हा दोष नाही, ते मुद्दाम केलेले काम आहे, आणि भजन-कीर्तनात एकाच पट्टीत, म्हणजे एकाच षड्जावर गाणाऱ्या मंडळींना अशी पेटी फार गोड वाटते. मात्र हीच पेटी कीबोर्डाच्या जोडीला वाजवायची असेल तर दोन्ही वाद्यांचे सूर एकमेकांना घासतील. तेव्हा पेटी पुन्हा लावून घेण्याआधी ती कोण, कोणत्या पट्टीत आणि कोणत्या वाद्यांबरोबर वाजवणार हे ठरवावे.

सूर लावण्याची रीत लक्षात घेतली तर ही सावधगिरी कशासाठी ते कळेल. जिभेचे टोक घासले की सूर चढतो आणि मुळाशी घासले की उतरतो. दोन्ही वेळा पितळ कमीच होते, आणि गेलेले पितळ परत येत नाही. सगळी पेटी एकसारखी थोडी चढलेली किंवा उतरलेली असेल आणि ती एकट्यानेच वाजणार असेल, तर तिला ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापात आणण्यासाठी सगळे सूर घासून घेणे मला अनाठायी वाटते. खर्ज आणि नर दोन्ही उघडे ठेवून एकच पट्टी दाबावी. आवाजात लाटा उठत असतील तर तेवढ्याच सुरांची जुळणी करून घ्यावी.

भात्याची परीक्षा सोपी आहे. सगळे खटके (सुरांच्या ओळींकडे हवा सोडणारे समोरचे दांडे) बंद करून भाता हलवावा, म्हणजे आतला भाता हवेने भरतो. हवा चांगली भरल्यावर बाहेरचा भाता हाताला विरोध करू लागला पाहिजे. मग एक खटका उघडून, कोणतीही पट्टी न दाबता थांबावे. आतला भाता दोनचार सेकंदांतच बसला तर हवा कुठेतरी गळते आहे. गळती बहुधा भात्याच्या घड्यांवरच्या चामड्यातून, आतल्या पडद्यातून (झडपेतून) किंवा सूरफळीच्या कडेतून असते, आणि पहिल्या दोन ठिकाणची दुरुस्ती आवाक्यातली असते. पट्टी न दाबताच एखादा सूर चालू राहत असेल तर तिच्या खालची कमान (स्प्रिंग) तुटलेली असते किंवा सुराचे भोक झाकणाऱ्या झाकणाखाली कचरा असतो; तेही किरकोळ काम आहे. उंदरांनी भाता कुरतडला असेल तर तो नव्याने बांधून घ्यावा. भाता चिकटवायच्या पिठाच्या खळीमुळे उंदीर आणि किडे येतात, म्हणून पुस्तक बांधणारे खळीत थोडे मोरचूद घालतात तसे घालायला सांगावे. लाकडाचे सांधे मात्र सरसानेच जोडून घ्यावेत, कारण सरस ऊब आणि ओल देऊन पुन्हा सोडवता येतो. फेविकॉलने जोडलेली पेटी पुढच्या कारागिराला फोडावी लागते.

खरी अडचण सूरफळीला तडा गेला असेल तेव्हा होते. चंद्रपूर-नागपूरकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि त्यानंतर महिनाभरात पावसाळी दमट हवा सुरू होते. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेले लाकूड या दोन टोकांमध्ये आकसते आणि फुगते. बारीक तडा भरता येतो, परंतु फळी वाकली असेल तर हवा एका सुरातून दुसऱ्यात जाते, आणि मग नवी फळी करून सगळे सूर तिच्यावर बसवावे लागतात. वाळवीसाठी पेटीच्या तळाला बोटाने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आणि मातीच्या रेघा दिसल्या तर पेटी आधी घराबाहेर ठेवावी. पेटारा वाळवीने खाल्ला आणि सूर शाबूत राहिले, तर ते नव्या पेटाऱ्यात घालता येतात. आलापल्लीच्या सागवानाचा प्रदेश आपला आहे, आणि जुन्या घराच्या पाडकामातले वर्षानुवर्षे मुरलेले सागवान अशा पेटाऱ्याला नव्या ओल्या लाकडापेक्षा कितीतरी चांगले.

एवढी तपासणी झाली की निम्मा निर्णय आपोआप होतो. उरलेला निम्मा, पेटी वाजवणार कोण, या प्रश्नावर आहे. घरातले मूल गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची तयारी करीत असेल, तर दुरुस्त केलेली जुनी पेटी त्याला बाजारातल्या स्वस्त नव्या पेटीपेक्षा चांगला कान देईल. वाजवणारे कोणी नसेल आणि पुढच्या चारपाच वर्षांत होण्याची चिन्हेही नसतील, तर केवळ आठवण म्हणून पेटी माळ्यावर ठेवणे हे तिचे जतन नव्हे. न वाजणारी पेटी वाजणाऱ्या पेटीपेक्षा लवकर खराब होते. खर्चाबद्दल माझा ठोकताळा असा आहे की दुरुस्तीचा अंदाज तितक्याच ओळींच्या आणि त्याच दर्जाच्या नव्या पेटीच्या निम्म्या किमतीच्या आत असेल तर दुरुस्ती करावी. त्याहून जास्त असेल तर फक्त सूर उत्तम असतील तेव्हाच करावी. नागपूर किंवा अमरावतीच्या एका आणि गावोगाव फिरणाऱ्या एका कारागिराकडून वेगवेगळा अंदाज घ्यावा आणि काय बदलणार, काय तसेच ठेवणार हे लिहून मागावे. काढलेले जुने सूर परत मिळतील ही अट आधीच घालावी. काम शक्यतो दिवाळी ते माघ या काळात करून घ्यावे. ऐन वैशाखात आकसलेल्या लाकडात घट्ट बसवलेल्या पट्ट्या मृगाच्या पावसात अडकतात.

विकायचे ठरले तर सर्वांत आधी पेटी कोणाची आहे हे पाहावे. आजोबांची असेल तर सगळ्या वारसांची संमती घ्यावी, मग ती कितीही किरकोळ वस्तू वाटो. मंडळाच्या वर्गणीतून घेतलेली किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून भजन साहित्य म्हणून मिळालेली पेटी ज्याच्या घरी ठेवली त्याची होत नाही. ती विकण्याचा अधिकार त्या व्यक्तीला नाही. फार जुन्या परदेशी पेटीच्या पट्ट्यांवर हस्तिदंत असण्याची शक्यता असते, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. त्याचप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते आणि तशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. अशी शंका आली तर विक्रीची बोलणी थांबवून आधी जाणकाराकडून खात्री करून घ्यावी.

गिऱ्हाईक शोधताना भंगारवाल्याकडे आणि पेटीचा वरवरचा रंग पाहून भाव सांगणाऱ्याकडे जाऊ नये. पुष्कळदा खरेदीदाराला हवे असतात ते फक्त सूर. ते काढून नव्या पेटाऱ्यात घातले जातात आणि जुन्या पेटाऱ्याचे सरपण होते. म्हणून सुरांची किंमत वेगळी विचारावी, म्हणजे समोरच्याला काय दिसले आहे ते कळते. वाजवणाऱ्या माणसाला विकणे मला नेहमी पसंत आहे, मग हजार-दोन हजार कमी आले तरी. भजनी मंडळे आणि नाटक मंडळ्या हेच तिचे खरे गिऱ्हाईक आहेत. झाडीपट्टीतला नाटकांचा हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून सुरू होतो आणि वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचे केंद्र आहे. ऑक्टोबरच्या सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीसाठी गावोगावची मंडळे जमतात. त्याच दिवसांत सोयाबीन आणि मागोमाग धान-कापूस विकून हातात पैसा येतो. म्हणजे पोळ्यानंतर चौकशी सुरू करावी आणि दिवाळीच्या आगेमागे व्यवहार करावा.

जाहिरातीत बाहेरचा एक फोटो पुरे. सुरांचे दोन फोटो, ठशाचा एक आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी एकेकदा वाजवलेला अखंड व्हिडिओ, एवढे दिले की लांबचा माणूसही भाव सांगू शकतो. मुके सूर आणि भेगा स्वतःहून सांगाव्यात. विक्रीपूर्वी पॉलिश करण्यावर खर्च करू नये, कारण जाणकार ताज्या पॉलिशकडे संशयानेच पाहतो.

पेटी तालुक्याला किंवा नागपूरला न्यायची असेल तर भाता बंद करून त्याचे आकडे लावावेत, सगळे खटके आत ढकलावेत, पट्ट्यांवर घडी केलेले सुती कापड ठेवून झाकण लावावे आणि गोधडीत गुंडाळून दोरीने बांधावे. एसटीत ती पायाशी किंवा मांडीवर ठेवावी. टपावर किंवा मोटारसायकलच्या कॅरिअरवर बांधलेल्या पेटीचे सूर ढिले होतात आणि कारागिराने दिलेला अंदाज तिथे पोहोचेपर्यंत बदललेला असतो.