ड्रॅग रेसची जुनी कॉर्व्हेट रस्त्यावर आणताय? या चुका टाळा

अमेरिकेत १९६८ ते १९७२ मधली शेवरले कॉर्व्हेट, म्हणजे तिसऱ्या पिढीतली सुरुवातीची ‘सी-थ्री’, ड्रॅग रेसमधून (थोड्या अंतराच्या सरळ शर्यतीतून) निवृत्त होऊन विक्रीला आलेली दिसते. मूळ अवस्थेतल्या गाडीपेक्षा ती बऱ्याचदा स्वस्त असते. इंजिनाचा आवाज ऐकून माणूस भुलतो, गाडी घरी आणतो आणि पहिल्या महिन्यात रंग, सीट, गालिचा आणि नवा कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) यांवर पैसे घालतो. ब्रेकचा नंबर शेवटी लागतो. इथेच सगळं बिघडतं. ही गाडी पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, दहा-बारा सेकंदांत कापून बंद करण्यासाठी बांधलेली असते. रस्त्यावर तिला सिग्नलला तापत उभं राहायचंय, पावसात वळायचंय आणि पंपावरच्या पेट्रोलवर चालायचंय.

कॅम बदलला, पिस्टन तसेच ठेवले

सर्वात जास्त इंजिनं या चुकीने जातात, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन आहे. रेससाठी घुमटाकार माथ्याचे पिस्टन घालून कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १२.५ ला नेलेलं आहे. रेसमध्ये ते ११० ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालायचं. पंपावरचं प्रीमियम कॅलिफोर्नियात ९१, इतर बऱ्याच राज्यांत ९३. (हे आकडे भारतातल्या आकड्यांशी थेट ताडू नका. अमेरिकेत दोन चाचण्यांची सरासरी पंपावर लिहितात, त्यामुळे तिथलं ९१ भारतीय मोजणीत साधारण ९५-९६ भरतं.)

आता एका गाडीचं काय झालं ते बघा. रेसच्या कॅमवर इंजिन रिकामं चालताना धडधडत होतं, इनटेकमधला व्हॅक्यूम (हवा ओढण्याचा जोर) जवळपास नव्हताच. मालकाने इंजिन न उतरवता फक्त कॅम बदलून रस्त्याचा सौम्य कॅम बसवला. गाडी एकदम शहाणी झाली. सगळे खूश. तीन आठवड्यांनी हायवेवरच्या चढावर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या तोंडातून) धूर आणि तेल उडायला लागलं. इंजिन उघडून पिस्टन काढले तेव्हा दोन पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटलेल्या निघाल्या. नॉकिंग (मिश्रण वेळेआधी आपोआप पेटून बसणारे ठोके) चालूच होतं, पण उघड्या सायलेन्सरच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही.

कारण साधं आहे. इनटेक व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत खरं दाबणं सुरूच होत नाही. रेसच्या कॅममध्ये तो व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी जाऊन आल्यावर ८० अंशांनी बंद होत होता. त्या हिशोबाने १२.५ चं कॉम्प्रेशन प्रत्यक्षात ८.६ च्या आसपास पडत होतं. नव्या कॅममध्ये तो ६२ अंशांवर बंद व्हायला लागला आणि तेच इंजिन १०.१ वर गेलं. लोखंडी हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि पंपाचं पेट्रोल असेल तर या प्रत्यक्ष आकड्यात ८ ते ८.५ च्या वर जायला माझी तयारी नसते. म्हणजे सौम्य कॅमने इंजिन सौम्य झालं नाही, उलट सिलिंडरमधला दाब वाढला.

आधी पिस्टन, मग कॅम. लोखंडी हेड असेल तर वाटीसारख्या माथ्याचे पिस्टन घालून मूळ कॉम्प्रेशन साडेनऊवर आणा. त्याच ६२ अंशांच्या कॅमवर प्रत्यक्ष आकडा ७.८ येतो. ॲल्युमिनियमचं हेड असेल तर सव्वादहापर्यंत चालतं. इंजिन उतरवावं लागतं, खर्च होतो, हे मान्य. त्याला पर्याय म्हणून सांगितले जाणारे शॉर्टकट मात्र मला पटत नाहीत. जाड हेड गॅस्केट घातलं की पिस्टन आणि हेडमधली फट वाढते. ती ४० थाउच्या (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास असली तर मिश्रण नीट घुसळलं जातं. साठ-सत्तर थाउ झाली की कॉम्प्रेशन थोडं उतरूनही नॉकिंग तसंच राहतं. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे घेतलं तर एक्झॉस्ट तापतो आणि गाडी रटाळ होते. ऑक्टेन वाढवण्याच्या बाटलीवर ‘७ पॉइंट’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ बहुधा ०.७ ऑक्टेन असतो.

गाडी घेण्याआधी मी प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघतो. नुसत्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका. रेसच्या कॅममुळे गेज कमी आकडा दाखवतं आणि इंजिन साधं असल्याचा भास होतो.

कॅम बदलताना त्यावर घासणारे टॅपेटही नवेच हवेत. सपाट टॅपेटचा कॅम असेल तर झिंक-फॉस्फरस जास्त असलेलं तेल घाला, व्हॉल्व्हना दुहेरी स्प्रिंग असतील तर आतली स्प्रिंग काढून ठेवा आणि इंजिन सुरू होताच २० ते ३० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर चालवा. ‘जरा आवाज ऐकू’ म्हणून रिकामं चालू ठेवलं की कॅमचे लोब (उंचवटे) तिथेच घासून जातात.

पेडल मऊ लागलं की नुसती हवा काढत बसणं

कॉर्व्हेटला १९६५ पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. प्रत्येक कॅलिपरमध्ये (डिस्कला चिमटा घेणाऱ्या भागात) चार पिस्टन, आणि कॅलिपर स्थिर. डिस्क जरा जरी डगडगली तरी ती प्रत्येक फेरीत पिस्टन आतबाहेर ढकलते आणि सीलच्या ओठांतून हवा आत ओढली जाते. ऑइल गळत नाही, त्यामुळे शंका येत नाही. पेडल दर आठवड्याला खाली जातं. लोक हवा काढतात, दोन दिवस बरं वाटतं, मग मास्टर सिलिंडर बदलतात, मग दुसरा बदलतात. एका गाडीत असे दोन मास्टर सिलिंडर गेले, तरी डिस्क किती हलते ते मोजणारं डायल गेज कुणी लावलंच नव्हतं. लावल्यावर मागची डिस्क आठ थाउ हलताना दिसली.

कारखान्यात डिस्क हबला रिव्हेटने जोडून एकत्र लेथवर घासलेली होती. पुढे कुणीतरी रिव्हेट कापून नवी डिस्क बसवली, मापली मात्र नाही. ड्रॅगमध्ये दर फेरीला एकदाच ब्रेक लागतो, म्हणून तिथे कळलंही नाही.

आधी मागच्या चाकाच्या बेअरिंगचा खेळ मोजा. बेअरिंग सैल असेल तर डिस्कवरचा आकडा खोटा असतो. मग डिस्क पाचही बोल्टच्या जागांवर फिरवून सर्वात कमी आकडा कुठे येतो ते बघा आणि उरलेलं शिमने (पातळ पट्टीने) काढा. दोन-तीन थाउच्या आत आल्याशिवाय मी पुढे जात नाही. ओ-रिंगचे सील जास्त सहन करतात, पण ते वाकड्या डिस्कवरचा उपाय नाहीत. बरीच वर्षं उभी असलेली गाडी असेल तर कॅलिपरचे लोखंडी बोअर गंजलेले निघतात. तिथे स्टीलच्या स्लीव्ह बसवून घ्या. आणि मागच्या प्रत्येक कॅलिपरला हवा काढायचे दोन स्क्रू असतात, एक आत, एक बाहेर. घाईत आतला राहतो.

बर्नआउटसाठी (मागचे टायर जागेवर फिरवून तापवण्यासाठी) पुढचे ब्रेक धरून ठेवणारा लाइन-लॉक काढून टाका. तो रस्त्यावर अडकला तर पुढची चाकं जाम होतात. हँडब्रेकचे छोटे ड्रम मागच्या डिस्कच्या आत असतात. बहुतेक रेसवाले ते काढून फेकतात. ते परत बसवा.

मागच्या एक्सलकडे दुर्लक्ष

डिफरन्शियलमध्ये स्पूल, म्हणजे दोन्ही बाजू जोडून टाकणारा सांधा, असेल तर दोन्ही मागची चाकं कायम एकाच वेगाने फिरतात. वळणावर टायर घासतो, ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटते. तो काढा. पण कॉर्व्हेटचा मोठा धोका वेगळा आहे: या गाडीत हाफ-शाफ्ट (चाकाला ताकद नेणारा दांडा) हाच चाकाचा वरचा आधारही असतो. त्याचा क्रॉस (टोकाचा वाकणारा सांधा) तुटला तर फक्त ताकद जात नाही, चाकच जागेवर राहत नाही. स्लिकवर (रेसच्या गुळगुळीत टायरवर) शेकडो वेळा झटक्यात सुटण्याचा ताण झेललेले क्रॉस चांगले दिसत असले तरी चारही नवे घाला.

गिअरचं गणित कागदावर करा. डिफरन्शियलमध्ये ४.५६ चा गिअर, २७ इंची टायर आणि ताशी ६५ मैल म्हणजे जवळपास ३७०० आरपीएम. ३.३६ घातला की तेच २७०० वर येतं. ४.५६ चाच गिअर ठेवून ‘पिकअप छान आहे’ म्हणणारा माणूस दोन तासांच्या प्रवासानंतर तसं म्हणत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ५००० आरपीएमचा स्टॉल कन्व्हर्टर (त्या आकड्यापर्यंत घसरू देणारा जोड) असेल तर तो हायवेवर सतत घसरत राहतो आणि गिअरबॉक्सचं तेल जाळतो. २२०० ते २८०० पुरे, आणि वेगळा ऑइल कूलर हवाच.

गरम होणं

रेडिएटर बदलण्याआधी ब्लॉक बघा. ताकदीसाठी पाण्याच्या वाटा सिमेंटसारख्या भरावाने बुजवलेल्या असू शकतात. वॉटर पंप काढून भोकातून तार घाला. ती लगेच अडली तर ब्लॉक पूर्ण भरलेला आहे आणि रस्त्यासाठी दुसरा शोधावा लागेल. अर्धा भराव असेल तर ऑइल कूलर लावून निभतं. सी-थ्री नाकाच्या खालून हवा घेते, म्हणून खालचा एअर डॅम आणि रेडिएटरभोवतीचं फोम सील नसेल तर मोठा पंखा लावूनही ती हायवेवर तापते.

छोट्या, पण महाग चुका

ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर ३६ अंशांवर जाम केलेला असतो. तो सोडवा: सुरुवातीला १२ ते १४ अंश, ३००० आरपीएमपर्यंत एकूण ३४ ते ३६, आणि सोबत व्हॅक्यूम ॲडव्हान्स (व्हॅक्यूमनुसार ठिणगी आधी पाडणारी जोडणी).

या गाडीचे हेडलाइट व्हॅक्यूमवर उघडतात. दिवे उठत नसतील तर वायरिंग उकलण्याआधी इंजिनाचा व्हॅक्यूम मोजा.

बॉडी फायबरची आहे, त्यामुळे प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थिंगची वायर फ्रेमपर्यंत लागते.

बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला तरी ऑल्टरनेटरवर इंजिन चालू राहू शकतं. जोडणी तशी असेल तर बदला. इलेक्ट्रिक पेट्रोल पंपाला ऑइल प्रेशर स्विच जोडा, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबेल. कार्बोरेटरला पेट्रोलचा ६ पीएसआय दाब पुरे.

पुढचे ९०/१० शॉक ॲब्सॉर्बर (सहज वर येणारे, खाली मात्र हळू जाणारे) नाक झटकन उचलण्यासाठी असतात. रस्त्यावर त्यांनी स्टिअरिंग हलकं आणि बेभरवशाचं होतं. स्लिक आणि पुढचे अरुंद टायर रस्त्यासाठी मंजूर नसतात, त्यावर वादच नको.

रोल केजचा, म्हणजे आतल्या संरक्षक पिंजऱ्याचा, पाइप हेल्मेटशिवाय डोक्याजवळ असणं जीवघेणं आहे. कडक पॅडिंग लावा किंवा वरचा पाइप काढा.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग (धुराची) चाचणी नाही, पण पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये ओढणारा) बसवाच. तो नसेल तर थोड्या अंतराच्या चालवण्याने तेलात पाणी साठतं. आणि पैसे देण्याआधी पुढच्या काचेतून दिसणारा पट्टीवरचा गाडीचा क्रमांक कागदाशी जुळवा. नुसत्या विक्रीपावतीवर घेतलेली रेसची गाडी नोंदवताना महिने जातात.

पहिल्या दिवशी हायवे नको. रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी ३० मैलांवरून दहा वेळा पूर्ण थांबा, मग इंजिन वीस मिनिटं जागेवर चालू ठेवून तापमान लिहून ठेवा. पन्नास मैलांनंतर चाकांचे नट आणि हाफ-शाफ्टचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा.