दूरस्थ थेट पाठनिरीक्षण: जिल्हा परिषद शाळेचा वर्ग बी.एड.च्या विद्यार्थ्यांना व्हिडिओ कॉलवर कसा दाखवावा

आधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती घ्या. रेकॉर्डिंग करायचे नाही, हे दोघांनाही स्पष्ट सांगा.

मोबाईल ट्रायपॉडवर, मुलांच्या डोक्यापेक्षा थोडा उंच, फळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात लावा. मागच्या भिंतीला लावलात तर फक्त पाठी दिसतात आणि मूल कुठे अडले ते कळतच नाही. खिडकी मोबाईलच्या पाठीशी हवी. समोर आली की चेहरे काळे पडतात. दोन दिवस आधीपासून ट्रायपॉड वर्गात ठेवा, म्हणजे मुलांचे कुतूहल ओसरते.

खरी अडचण आवाजाची. पंख्याच्या घरघरीत मोबाईलचा माईक निकामी ठरतो. शिक्षकांना कॉलर माईक लावा, पण तेवढ्याने मुलांची उत्तरे येत नाहीत. म्हणून शिक्षकांनी मुलाचे उत्तर एकदा मोठ्याने म्हणावे. तासाला साधारण १ जीबी डेटा धरा. रेंज कमी झाली तर चित्राचा दर्जा उतरवा, आवाज टिकवा.

पाहणाऱ्यांचे माईक व कॅमेरे बंद. प्रत्येकाला एकच काम द्या: कोणी फक्त प्रश्न टिपेल, कोणी एकाच बाकावरच्या दोन मुलांकडे पाहील. नोंद अशी हवी: ‘११.१२, प्रश्नानंतर ३ सेकंद शांतता, मग शिक्षकांनीच उत्तर दिले.’ ‘पाठ छान झाला’ ही नोंद नव्हे.

तास संपताच २० मिनिटे चर्चा ठेवा. पहिले बोलणे शिकवणाऱ्या शिक्षकांचे.